थंडीत स्पोर्ट्स कार रोज सकाळी कुरकुरते: खरा बिघाड कोणता आणि नुसती थंडी कोणती

थंडी सुरू झाली की स्पोर्ट्स कारवाल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. सकाळी टायरच्या हवेचा दिवा लागतो आणि दुपारपर्यंत आपोआप विझतो. पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना पुढची चाकं थडथडतात. चार-आठ दिवस उभी राहिली की चालू करताच स्क्रीनवर सस्पेन्शन, गिअरबॉक्स, एबीएस असे इशाऱ्यांवर इशारे येतात. मग गाडी वर्कशॉपला जाते, कॉम्प्युटर लावून बिघाडाचे कोड पुसले जातात, ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन ती परत येते आणि पुढच्या गारठ्यात पुन्हा तेच रामायण.

यात वर्कशॉपचा आळस असतोच असं नाही. गाडी आत घेतली की रात्रभर उबेत राहते. रबर मऊ पडतं, ऑइल पातळ होतं, बॅटरीला चार्जर लागतो आणि तक्रारच नाहीशी होते. मेकॅनिक चालवून बघतो तेव्हा गाडी ठणठणीत. म्हणून या तक्रारींचं पहिलं निदान मालकालाच करावं लागतं, आणि त्याला स्कॅनर लागत नाही. चार गोष्टी टिपून ठेवा: बाहेरचं तापमान किती होतं, गाडी किती तास उभी होती, चालू केल्यापासून किती मिनिटांनी त्रास दिसला आणि किती अंतर गेल्यावर तो गेला. थंडीचा त्रास गाडी तापली की ओसरतो. खरा बिघाड तापल्यावरही राहतो, किंवा तापल्यावरच सुरू होतो. आणि वर्कशॉपला द्यायचीच झाली, तर आदल्या रात्री गाडी बाहेर उघड्यावर ठेवा आणि सकाळी गार असतानाच चालू करून बघा, असं लेखी सांगा.

पूर्ण वळणावर चाकं उड्या मारतात

ही तक्रार सगळ्यात जास्त घाबरवते, कारण आवाज फार वाईट येतो. गाडी अगदी हळू, स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलेलं, जमीन कोरडी, आणि पुढून धडधड धक्के थेट हातात येतात. कोणी सांगतं व्हील बेअरिंग गेलं, कोणी म्हणतं स्टिअरिंग रॅक. रॅक बदलला तरी आवाज जसाच्या तसा राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

होतं ते असं. गाडी वळते तेव्हा आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या, त्यामुळे आतल्या चाकाने जास्त वळायला हवं. हा फरक सांभाळणाऱ्या रचनेला ॲकरमन भूमिती म्हणतात. साध्या गाडीत पार्किंगच्या वेगाचा विचार जास्त केलेला असतो. स्पोर्ट्स कारमध्ये वेगात वळताना पकड हवी, म्हणून तडजोड वेगाच्या बाजूने झुकलेली असते. त्यामुळे स्टिअरिंग टोकाला गेलं की पुढच्या दोन चाकांचं एकमेकांशी जुळत नाही आणि त्यातलं एक जरा जरा आडवं ओढलं जातं. उन्हाळ्यात मऊ रबर हे ओढणं पोटात घालतं. गारठ्यात उन्हाळी टायर कडक झालेला असतो, शिवाय रुंद, आणि बाजूची भिंत जेमतेम तीन-चार बोटांची. रबर ताणलं जातं, आणखी ताणलं जातं, एकदम सुटतं आणि पुढे उडी मारतं. लगेच पुन्हा ताण, पुन्हा उडी. तीच ती थडथड.

खात्री करायला स्टिअरिंग टोकापासून पाव फेरा मागे घ्या. थडथड तिथेच थांबते का बघा. मग वीस-पंचवीस मिनिटं चालवून टायर तापल्यावर त्याच जागी तेच वळण घ्या. ती बरीच कमी झाली असेल तर गाडीत दोष नाही. अलाइनमेंट करून हा त्रास जात नाही, त्यावर पैसे घालवू नका. हिवाळी टायर चढवले की तो बहुतेक वेळा आपोआप ओसरतो.

दोन आवाज मात्र या खात्यात टाकायचे नाहीत. वळताना ॲक्सिलरेटर दिल्यावर टकटक येत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याचा, जॉइंट बघायला हवा. आणि चारही चाकांना ताकद जाणारी गाडी लहान वर्तुळात कोणीतरी मागून धरल्यासारखी अडत असेल, तर आधी चारही टायरची झीज मोजा. पुढच्या आणि मागच्या टायरच्या घेरांचं जे प्रमाण कंपनीने धरलेलं असतं ते बिघडलं, की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा कपलिंग सतत घसरत राहतो आणि तापतो. ही चूक हिवाळी टायर घेतानाच सर्रास होते: पुढे एका मापाचे, मागे ‘जवळपास त्याच’ मापाचे. जवळपास चालत नाही.

टायर: बाकी सगळं यानंतर

उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली पकड सोडू लागतं. हा आकडा म्हणजे ठोकताळा आहे, 8 ला उत्तम आणि 6 ला बेकार असं काही नसतं. पण उतार तिथून सुरू होतो आणि बर्फ नसतानाही होतो. कोरड्या, स्वच्छ, गार रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये मागचं टोक हलू लागलं की लोक सस्पेन्शनवर संशय घेतात. संशय टायरवर घ्यायला हवा.

ट्रॅकसाठी बनलेल्या सेमी-स्लिक टायरचं प्रकरण आणखी वेगळं. त्यांचं रबर गोठणबिंदूच्या आसपास वाकलं तर तडकू शकतं. सुमारे उणे 7 अंशांखाली असे टायर चालवू नका, इतकंच काय, गाडी जागची हलवूही नका, असा इशारा टायर कंपन्याच देतात. गाडी अशा थंडीत उभी राहिलीच असेल, तर टायरला 5 अंशांच्या वर किमान एक दिवस हळूहळू ऊब मिळू द्या आणि मगच चाक फिरवा. नंतर खाली वाकून, टॉर्च तिरका धरून खाचांच्या तळाशी बघा. केसासारखी बारीक रेघ खाचेच्या दिशेने जाताना दिसली, की नख घालून बघा. नख अडकलं तर टायर बाद. पुरेशी जाडी शिल्लक आहे म्हणून तो वापरत राहणं म्हणजे जिवाशी खेळ, कारण ही चीर पुढे वाढत जाते.

हिवाळी टायर घेताना बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघा. ते बर्फावरच्या चाचणीत पास झाल्याशिवाय मिळत नाही. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा, त्यामागे अशी चाचणी नसते. शिवाय गाडीच्या कंपनीने मान्य केलेल्या टायरवर खूण असते: पोर्शेसाठी ‘एन’ आणि पुढे आकडा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, ऑडीसाठी ‘एओ’, फेरारीसाठी ‘के’. चारही चाकांना ताकद असलेल्या गाडीत ही खूण पाळावी असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त मागच्या चाकांची गाडी असेल तर थोडी मोकळीक घेता येते, पण मागे हिवाळी आणि पुढे उन्हाळी हा प्रकार कधीच नको. गाडी सुटेल झकास, वळणार मात्र नाही.

रिम एक इंच लहान घेतली तर टायरची भिंत जाड मिळते आणि खड्ड्यात रिम वाकायची भीती कमी होते. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, आत मावतो की नाही हे आधी बघून घ्या, मोठ्या ब्रेकच्या गाड्यांत तोच आडवा येतो. हिवाळी टायरची खाच 4 मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फासाठी तो संपला, कायद्याचा आकडा काहीही असो.

हवेचा दिवा सकाळी लागतो, दुपारी जातो

सेन्सर बदलू नका. 25 अंशांत 33 पीएसआय भरलेली हवा शून्य अंशांत 29 च्या आसपास दिसते, म्हणजे दर 10 अंशांना मोटामोटी दीड पीएसआय घट. गाडी चालली की टायर तापतो, आकडा वर चढतो आणि दिवा विझतो. गाडी तीन-चार तास उभी असताना, बाहेरच्या तापमानातच हवा भरा. उबदार गॅरेजमध्ये बरोबर आकडा लावून बाहेर पडलात तर बाहेर ती कमीच निघणार. आणि दुपारी आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका. चारही चाकांत सारखी घट असेल तर थंडी. एकाच चाकात जास्त असेल तर पंक्चर, व्हॉल्व्ह, किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजलेली रिमची कड, जिथून हवा अगदी हळूहळू निसटते.

स्टिअरिंग थरथरतं

इथे वेळ नीट बघितली तर दुकानात जायचीसुद्धा गरज पडत नाही. गाडी बरेच दिवस उभी होती आणि सुरुवातीचे दहा-पंधरा किलोमीटर थरथर जाणवून गेली, तर टायरला बसून सपाट डाग पडलेत. गारठ्यात ते जरा जास्त वेळ टिकतात, तापले की जातात. काल बर्फातून किंवा चिखलातून आलात आणि आज एका विशिष्ट वेगाला स्टिअरिंग जोरात हलतंय, तर रिमच्या आतल्या बाजूला बघा. तिथे बर्फाचा नाहीतर गोठलेल्या चिखलाचा थर एका बाजूला चिकटलेला असतो. मूठभर थरही चाकाचा तोल पार बिघडवतो. पाण्याने धुऊन टाका, बॅलन्सिंगचं बिल वाचलं. धुतल्यावरही आणि तापल्यावरही थरथर राहिली, तर रिम वाकलीय. बर्फाखाली लपलेले खड्डे हे काम चोख करतात.

बॅटरी, आणि तिच्यामुळे उगाच बदनाम झालेले बाकीचे पार्ट

स्क्रीनवर एकाच वेळी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा इशारे आले, तर सस्पेन्शन, गिअरबॉक्स आणि एबीएस तिन्ही एका रात्रीत बिघडले असं समजायचं कारण नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली बसलं की गाडीतले कंट्रोलर अर्धवट जागे होतात आणि प्रत्येक जण आपला कोड लिहून ठेवतो. कोड वाचत बसण्याआधी मल्टिमीटर लावा.

गाडी रात्रभर बंद राहिल्यावर, दार न उघडता मोजता आलं तर उत्तमच, नाहीतर दार उघडून अर्धा-पाऊण तास थांबून मोजा. 12.6 ते 12.8 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, 12.2 म्हणजे निम्मी. उन्हाळ्यात निम्म्या बॅटरीवर गाडी मुकाट सुरू होते. थंडीत होत नाही, कारण इकडे ऑइल थिजल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते आणि तिकडे लेड-ॲसिड बॅटरीची द्यायची ताकद घटते. उणे 18 अंशांत ती जवळपास निम्म्यावर येते.

आता मूळ दुखणं. या गाड्या उभ्या असतानाही वीज खातात. अलार्म, ट्रॅकर, रिमोटचा रिसीव्हर, दाराचे कंट्रोलर, असं सगळं मिळून 50 मिलिॲम्पिअर गेले तरी ते सामान्य मानलं जातं. म्हणजे दिवसाला 1.2 ॲम्पिअर-तास. 70 ॲम्पिअर-तासांची बॅटरी यात महिन्याभरात निम्मी होते, आणि तेही ती नवी असेल तर. रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बॅटरी भरते हा गैरसमज इतका पक्का बसलाय की तो काढणं कठीण. सेल्फने घेतलेलं कसंबसं परत येतं, वर सीट हीटर, काचेचा हीटर आणि पंखा चालू असतो. भर पडते ती सायलेन्सरमधल्या पाण्यात.

उपाय एकच आणि कंटाळवाणा आहे: उभ्या गाडीला कायम लावून ठेवायचा स्मार्ट चार्जर. तो लावूनही बॅटरी उतरत असेल, तर बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर क्लॅम्प मीटर लावा आणि गाडी झोपेपर्यंत वाट बघा. काही गाड्यांना त्यासाठी पाऊण तास लागतो. त्यानंतरही आकडा शंभर-दोनशे मिलिॲम्पिअरच्या खाली येत नसेल तर काहीतरी जागं राहतंय. फ्यूज काढून शोधायला लागण्याआधी एक साधी गोष्ट करून बघा. किल्ली घरात गाडीपासून लांब ठेवा. कीलेस, म्हणजे किल्ली जवळ असली की उघडणाऱ्या, गाडीच्या टप्प्यात किल्ली टांगलेली असली, की काही मॉडेल पुन्हा पुन्हा जागी होतात.

लिथियम आयर्न फॉस्फेटची स्टार्टर बॅटरी असेल तर नियम बदलतात. शून्याखाली ती चार्ज करायची नसते, त्याने आतल्या पेशींचं कायमचं नुकसान होतं. चार्जर लिथियमचाच हवा, आणि जुन्या बॅटऱ्या ‘जिवंत’ करणारा रिकंडिशन मोड चुकूनही लावायचा नाही. गारठ्यात पहिला सेल्फ कमजोर आला तर मिनिटभर हेडलाइट लावून ठेवा आणि पुन्हा मारा. थोडा करंट वाहिला की पेशी आतून तापतात आणि दुसऱ्या खेपेला जोर येतो.

बॅटरी पूर्ण मेली आणि ती पुढच्या डिकीत असेल, तर आणखी एक गंमत होते: डिकीचं कुलूप विजेवर चालतं, आणि वीज डिकीत अडकलेली. पोर्शे 911 च्या काही पिढ्यांत यासाठी ड्रायव्हरच्या पायाजवळच्या फ्यूजपेटीत बाहेर ओढता येणारा पॉझिटिव्ह टर्मिनल दिलेला असतो. त्यावर बाहेरून 12 व्होल्ट दिले की कुलूप उघडतं. तो फक्त कुलपापुरता आहे, त्याच्यावरून गाडी जंप स्टार्ट करायला गेलात तर वायरिंग जळेल. आपल्या गाडीत ही सोय कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा. आणि पार उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांत गोठते. तिचं पोट फुगलेलं दिसलं तर जंप केबल लावायचीच नाही.

नवी बॅटरी टाकल्यावर बऱ्याच गाड्यांत ती कॉम्प्युटरला कळवावी लागते. कळवली नाही तर गाडी जुन्याच हिशेबाने चार्ज करत राहते, आणि दोन हिवाळ्यांत पुन्हा तीच रड.

दार उघडत नाही

काचेभोवती चौकट नसलेल्या दारात हँडल ओढलं की आधी काच काही मिलिमीटर खाली सरकते, मग दार सुटतं. रात्री पाऊस किंवा दव पडून पहाटे गोठलं, की रबराची कड काचेच्या काठाला धरून बसते. हँडल ओढा, आतून मोटर घरघरते, काच जागची हलत नाही, आणि रबर काचेबरोबर ताणलं जाऊन पांढरट पडतं. इथे जोर लावला तर एकतर रबर फाटतं, नाहीतर काचेची यंत्रणा मोडते, आणि काच सरकलीच नसताना दार खेचलं तर काचही जाते.

तळहाताने काचेच्या काठाशेजारी दाबत जा, बारीक कडकड आवाज येऊन बर्फ सुटतो. डीआयसर फवारा. गाडी रिमोटने सुरू होत असेल तर आत ऊब येऊ द्या. उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. दुसरीकडचं दार उन्हाच्या बाजूला असेल तर तिकडून शिरा, लाजायचं कारण नाही. पुन्हा होऊ नये म्हणून रबर कोरडं पुसून त्यावर सिलिकॉन स्प्रे किंवा ग्लिसरीनची कांडी फिरवा. पेट्रोलियम जेली नको, रबर फुगतं.

बर्फ नाही, तरी काच खाली येत नाही, अशी तक्रार बॅटरी काढून लावल्यावर हमखास येते. काचेला आपली वरची-खालची हद्द पुन्हा शिकवावी लागते: बटण धरून पूर्ण वर न्या, वर पोचल्यावरही काही सेकंद धरून ठेवा. कापडी छप्पर ओलं किंवा गोठलेलं असताना घडी करू नका. ठरावीक तापमानाखाली छप्पर हलतच नाही अशा गाड्या आहेत, तो बिघाड समजू नये.

गार इंजिन: घाई नको

पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं असं नसतं. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं, थंडीत तर आणखी मागे. ऑइलचा काटा 80 अंशांच्या आसपास पोचेपर्यंत इंजिनाला तीन हजारांच्या वर नेऊ नका. जाड ऑइलच्या इंजिनांत हे जास्त महत्त्वाचं. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम गाड्यांची एस54, एस65, एस85 ही इंजिनं 10डब्ल्यू-60 या जाड ऑइलवर चालतात, आणि कंपनीने टॅकोमीटरवरच दिवे दिलेत जे ऑइल तापेल तसे एकेक विझत वरचे आरपीएम मोकळे करतात. ते दिवे शोभेचे नाहीत. चालू केली की लगेच सायलेन्सर गर्जवायची हौस असणाऱ्यांना काय सांगणार, पी हळद आणि हो गोरी.

उलट बाजूने, जागेवर उभी ठेवून गरम करणंही नको. गार इंजिनात जास्तीचं पेट्रोल जातं, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. अर्धा-एक मिनिट, काचा साफ होईपर्यंत, आणि निघा. सुरुवातीला आरपीएम चढलेले आणि आवाज मोठा असतो तो धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून.

ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-तपकिरी फेस दिसला की हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलं असा बोभाटा होतो. नुसत्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते साचलेलं बाष्प असतं. आठवड्यातून एकदा तीस-चाळीस मिनिटं सलग चालवा, जाईल. कूलंट कमी होत असेल, डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल, किंवा तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल, तर मात्र गॅस्केटचीच शंका घ्या. आडव्या सिलिंडरांच्या बॉक्सर इंजिनात सकाळी सेल्फ मारताना निळा झोत येऊन गेला तर सोडून द्या, उभ्या गाडीत थोडं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. धूर तापल्यावरही राहिला, एकाच बाजूचा सायलेन्सर काळा पडत असेल आणि टिकटिक येत असेल, तर एंडोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालून सिलिंडरच्या भिंती बघून घ्या.

ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे पहिले काही गिअर अडखळत पडणं, किंवा मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर जड लागणं, हे ऑइल तापेपर्यंत चालायचंच.

ब्रेक

लोखंडी डिस्कवर रात्रीत तांबूस थर येतो आणि दोन-चार वेळा ब्रेक दाबला की निघतो. ओल्या गाडीला हँडब्रेक लावून ठेवला तर पॅड डिस्कला चिकटतात, सकाळी ‘कट्ट’ आवाजाने सुटतात. सपाट जागेवर गिअरमध्ये किंवा ‘पी’ वर ठेवा आणि चाकाला अडण लावा. कार्बन-सिरॅमिक डिस्क गंजत नाहीत, पण ओल्या आणि गार असताना पहिला दाब लागू व्हायला क्षणभर उशीर होतो. मिठाच्या पाण्यातून बराच वेळ ब्रेक न दाबता आलात तर कोणत्याही डिस्कवर असंच होतं. मागे कोणी नाही असं बघून अधूनमधून हलकासा ब्रेक दाबत राहा.

‘गाडी ओढत नाही’ आणि ‘मागून सरकते’

ॲक्सिलरेटर दाबला, पिकअप नाही, आणि डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा दिवा लुकलुकतोय. इंजिनात काही झालेलं नाही, चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापतोय. हिवाळी टायर असूनही सतत लुकलुकत असेल तर ओल्या रस्त्यासाठीचा ‘वेट’ मोड लावा आणि दुसऱ्या गिअरमध्ये सुटा. बर्फात रुतल्यावर मात्र तोच कंट्रोल आडवा येतो, कारण चाक जरा फिरलं की ताकद तोडतो. तेवढ्यापुरता तो बंद करा, पुढे-मागे झुलवत गाडी काढा, आणि लगेच चालू करा.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियलवाल्या गाड्या रस्त्याच्या उताराकडे तिरक्या सरकतात ही तक्रार मला नेहमी ऐकू येते. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरतं आणि दुसरं बाजूला धरून ठेवतं. इथे दोन्ही मागची चाकं एकदम फिरतात, बाजूला धरणारं कोणी उरत नाही, आणि मागचं टोक उताराला लागतं. ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करा. झटक्यात सोडला तर खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा ब्रेक मागच्या चाकांना ओढतो आणि सरकणं वाढतं. चारही चाकांची ताकद असली तरी ती सुटायला उपयोगी. थांबायचं अंतर टायरच ठरवतात.

पुढचं नाक जमिनीला लागून असेल तर बर्फात ते फावड्याचं काम करतं. क्रूझ कंट्रोल बंद झाल्याचा निरोप आला तर रडारसमोरचा बर्फ पुसा.

मीठ

रस्त्यावरचं मीठ गोठलेल्या गाडीवर फारसं काही करत नाही. ते कामाला लागतं उबेत. म्हणून मिठाने माखलेली गाडी न धुता गरम गॅरेजमध्ये लावणं हा सगळ्यात वाईट पर्याय, त्यापेक्षा गार शेड बरी. आत घेण्याआधी खालून पाण्याचा फवारा मारा, चाकांच्या कमानींत आणि पुढच्या हवेच्या तोंडांत. ज्या गाड्यांचे रेडिएटर पुढच्या कोपऱ्यांत असतात त्यांच्या जाळीमागे पानं आणि कचरा साचून मिठाचं पाणी धरून ठेवतो, आणि एसीचा कंडेन्सर तिथूनच कुजतो. हिवाळा सुरू होण्याआधी तो कचरा काढा.

वाट बघायची नाही अशा गोष्टी

‘गाडी तापू दे, मग बघू’ हा नियम तीन ठिकाणी लावायचा नाही. ब्रेक पेडल मऊ लागून खाली जात असेल, तर गाडी हलवू नका. कूलंटची पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर नुसतं पाणी टाकून चालवू नका. मिश्रण पातळ झालं की ते गोठतं आणि इंजिनाचा ब्लॉक फुटतो. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी साधारण उणे 37 अंशांपर्यंत टिकतं, टेस्टरने तपासून घ्या. आणि सेल्फ मारल्यावर ऑइल प्रेशरचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, किंवा चालताना लागला, तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि गाडी उचलून न्यायला लावा. वर्कशॉप कितीही जवळ असलं तरी चालवत नेऊ नका.